तिसरा मजला, लिफ्ट नाही

लंडनमध्ये आजारपणाच्या कारणानं कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं भाड्यानं दिलेलं, घर बदलून मागायचं असेल, तर आजार जितका मोठा तितका आपला नंबर वर, ही समजूत आधी सोडून द्यावी लागते. गंभीर हृदयविकाराच्या माणसाला काहीच मिळत नाही आणि नुसते गुडघे गेलेल्या आजीबाईंना वरचा बँड, म्हणजे रांगेतला वरचा गट, मिळतो, असं होऊ शकतं. वरवर उफराटं वाटतं, पण त्यामागं हिशेब आहे. कौन्सिलला आजार मोजायचाच नसतो. आत्ताचं घर त्या माणसाला नेमकं कुठं अडवतं आणि दुसरं घर दिलं तर ते अडणं थांबेल का, एवढंच तिला बघायचं असतं. घर बदलून ज्या दुखण्यात काडीचा फरक पडणार नाही, त्याला तिथं किंमत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कागदावर काय लिहायचं ते आपोआप सुचतं. तोवर माणूस रिपोर्टांची चळत काखोटीला मारून हिंडत राहतो.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ह्यांनी कितीतरी वर्षं लंडनच्या लाल डबलडेकर चालवल्या, मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. २००९ साली कौन्सिलचा दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. चार मजली विटांची इमारत, बाहेरून लांबच लांब गॅलरी आणि तिच्यावर ओळीनं दारं. मुंबईत दिवस काढलेल्या माणसाला पाहताक्षणी चाळ आठवावी. दोन महायुद्धांच्या मधल्या आणि नंतरच्या काळात अशा इमारती लंडनभर उभ्या राहिल्या, आणि एवढ्याशा उंचीला लिफ्ट घालायची तेव्हा पद्धत नव्हती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. मुलगी शाळेत, आम्ही धडधाकट, जिना कुणाच्या खिजगणतीत होता?

२०१६ च्या सुमारास ह्यांच्या उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, मग एका डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस निघालं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या आवरणावर उलटते आणि मेंदूचे निरोप पायापर्यंत धड पोचत नाहीत. ब्रिटनमध्ये दीड लाखाच्या आसपास लोकांना हा आजार आहे. विषुववृत्तापासून लांबच्या देशांत तो जास्त आढळतो, त्यामुळं गावाकडं कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. फोनवर सगळे "म्हणजे पॅरालिसिस का?" एवढंच विचारायचे. हा आजार निघाला की वाहन परवाना देणाऱ्या खात्याला कळवावंच लागतं. बस चालवणं सुटलं. पुढं काठी आली, मग घराबाहेर व्हीलचेअर. पण ती ठेवायची कुठं? खाली ठेवली तर चोरीला जाणार, वर आणायची तर मी आणणार, आणि ह्यांना कोण आणणार?

जिना चढायला ह्यांना इतका वेळ लागायचा की दुसऱ्या मजल्यावरच्या बांगलादेशी आजींनी लँडिंगवर एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. आगीच्या नियमानुसार जिन्यात काही ठेवायचं नसतं, म्हणून केअरटेकरनं ती उचलायला लावली. आजींनी वाद घातला नाही. खालून काठीचा आवाज आला की त्या दार उघडून खुर्ची बाहेर ठेवायच्या, आणि हे वर गेले की परत आत घ्यायच्या.

आता थोडं आडवाटेला जाते. इथल्या बऱ्याच मराठी लोकांना कौन्सिलच्या घरांची काहीच माहिती नसते, आणि त्याला कारण आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना सरकारी घर मागताच येत नाही, व्हिसावर तशी अटच असते. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळेतो ही मंडळी कर्ज काढून स्वतःचं घर घेऊन मोकळी होतात. मग गणपतीत एखादी विचारते, "तुम्ही अजून कौन्सिलमध्येच?" स्वर असा की जणू आमच्या घरात कुणाला तुरुंगवास झालाय. हीच माणसं मुंबईत भाच्याला म्हाडाची लॉटरी लागली की सगळ्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकतात. मी उत्तर देणं सोडून दिलं. पण आजारी माणसाच्या घरात ही लाज महागात पडते, कारण मग कुणी कुणाला काही विचारत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत.

तर कायदा काय म्हणतो ते सांगते. इंग्लंडमधला १९९६ चा हाउसिंग ॲक्ट म्हणतो की घरं वाटताना कौन्सिलनं काही गटांना वाजवी प्राधान्य द्यायलाच हवं. त्यात बेघर लोक आहेत, दाटीवाटीत किंवा राहायला नालायक घरात असलेले आहेत, आणि आजारपण किंवा अपंगत्वामुळं ज्यांना घर बदलणं गरजेचं आहे ते आहेत. पण 'वाजवी' म्हणजे किती, हे ज्या त्या कौन्सिलनं ठरवायचं. २०११ च्या कायद्यानंतर यादीत कुणाला घ्यायचं याचेही बरेचसे अधिकार तिच्याकडंच आले. म्हणून लंडनच्याच हॅरो भागातल्या मैत्रिणीचा अनुभव न्यूअम भागात लागू पडत नाही. कुठं अ, ब, क, ड असे बँड, कुठं गुण. आपल्या कौन्सिलची वाटपाची योजना वेबसाइटवर असते. कंटाळवाणी असते, पण वाचावी. मी जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी करून वाचली आणि आजारपणाच्या प्रकरणात कुठल्या शब्दाला कुठला बँड लागतो ते वहीत लिहून घेतलं.

आधीपासून कौन्सिलचे भाडेकरू असलो तरी रांग तीच. अर्जाला फक्त ट्रान्स्फर म्हणतात. इंग्लंडभर मिळून या याद्यांवर २०२४ साली १३ लाखांच्या वर कुटुंबं होती. त्यातली सगळीच जिन्यानं अडलेली नसतात हे खरं, पण बिनजिन्याची घरं तरी आहेत किती? सरकारच्याच २०१८ च्या पाहणीत इंग्लंडमधल्या फक्त ९ टक्के घरांत चार साध्या गोष्टी एकत्र सापडल्या होत्या: पायरीविना प्रवेश, सपाट उंबरठा, पुरेशी रुंद दारं आणि प्रवेशाच्याच मजल्यावर संडास.

फॉर्म भरायला बसलो ती संध्याकाळ मला पक्की आठवते. कारण आमचं तिथं भांडण झालं. प्रश्न होता: अंघोळ करताना काय अडचण येते? हे म्हणाले, "लिही, काही नाही. मी करतो की." मी म्हटलं, अहो, टबच्या काठावर बसून एक पाय हातानं उचलून आत घेता, मग दुसरा, आणि मी बाहेर दाराला कान लावून उभी असते, त्याला करतो की म्हणतात? पाणी गरम असलं तर आणखी पंचाईत. या आजारात उष्णतेनं स्नायू आणखी ढिले पडतात, आणि टबमधून बाहेर येताना पाय म्हणजे नुसता भिजलेला टॉवेल. हे सगळं परक्या कारकुनासाठी लिहायचं म्हणजे ह्यांना अब्रू वेशीला टांगल्यासारखं वाटत होतं. लघवीची घाई होते हे तर मला लपूनच लिहावं लागलं. आपल्याकडं पुरुषमाणसाला कसं आहे विचारलं की ठीक आहे म्हणायची सवय इतकी मुरलेली, की फॉर्मलाही तेच उत्तर मिळतं. आणि फॉर्म बिचारा त्यावर विश्वास ठेवतो.

कौन्सिलचा वैद्यकीय सल्लागार म्हणून जो डॉक्टर असतो, तो माणूस बघत नाही, कागद बघतो. आमचं उत्तर आलं: आजार औषधोपचारानं आटोक्यात आहे, आधारासाठी दांड्या बसवून घ्याव्यात, वैद्यकीय प्राधान्य नाही. खाली बारीक अक्षरांत, निर्णय मान्य नसल्यास २१ दिवसांत फेरविचार मागता येईल. ह्या ओळीवर मी पिवळा मार्कर फिरवला. साताऱ्याहून दिरांचा फोन, "कुणाला तरी धरा की तिकडं. आपला एखादा नगरसेवक नाही का?" नगरसेवक होते, भले होते, त्यांनी पत्रही दिलं, आणि त्या पत्राला कौन्सिलकडून अतिशय सभ्य भाषेत पोच आली. बाकी काही नाही.

खरा उपयोग झाला तो ओटीचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टचा. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणं प्रौढ माणसाच्या गरजा तपासून देणं हे कौन्सिलच्या समाजसेवा विभागाचं काम आहे आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. हजार पौंडांच्या आतल्या छोट्या सोयी, दांड्या वगैरे, त्याही फुकट. पण भेटीची तारीख मिळायला महिने जातात. म्हणून घराच्या अर्जाची वाट न बघता ओटीसाठी आधीच नाव नोंदवलेलं बरं. फेरविचाराचा अर्ज मी मुदतीत टाकला आणि त्यात लिहिलं की ओटीचा अहवाल यायचाय, तोवर थांबा. थांबले.

ओटी बाई आल्या त्या खालूनच पायऱ्या मोजत. दारात आल्या आल्या म्हणाल्या, चोपन्न. मग टेप काढली. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी मोजली, टबची उंची मोजली, पलंगाची, कमोडची, सोफ्याची. ह्यांना म्हणाल्या, सोफ्यावरून उठून दाखवा. हे पहिल्या झटक्यात उठायला गेले आणि परत बसले. त्या काहीच बोलल्या नाहीत, घड्याळाकडं बघून लिहून घेतलं. मग विचारलं, "बाहेर कधी जाता?"

"लागेल तेव्हा जातो," हे म्हणाले.

"शेवटचं कधी लागलं होतं?"

हे गप्प झाले. मग म्हणाले, हॉस्पिटलच्या तारखेला. "आणि त्याच्या आधी?" तेही हॉस्पिटलच. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला न चुकता जाणारा माणूस. ढोल वाजवायचे हे एकेकाळी. बाई म्हणाल्या, जाताना जिना उतरून दाखवता का, पहिला टप्पा पुरे. उतरताना काठीचा आवाज झाला आणि खालून आजींची खुर्ची बाहेर आली. त्या खुर्चीची नोंद अहवालात आहे: शेजाऱ्यांनी दिलेल्या खुर्चीवर मध्ये बसून विश्रांती घ्यावी लागते.

अहवालात आणखी एक वाक्य होतं आणि सगळं वजन त्यातच होतं. आत्ताचं घर गरजेप्रमाणं बदलून घेता येण्यासारखं नाही. कौन्सिल आधी हेच बघते की आहे त्या घरातच सोय होते का. डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट नावाचं अनुदान असतं, इंग्लंडमध्ये जास्तीत जास्त ३०,००० पौंडांचं, त्यातून टब काढून सपाट जमिनीचा शॉवर करता येतो, दारं रुंद करता येतात. पण इमारतीचा सामायिक जिना काही त्यातून नाहीसा होत नाही. वर राजेशाही बाथरूम आणि खाली उतरायची सोय नाही, असल्या घराचं करायचं काय, हे ओटीनं सरकारी भाषेत लिहिलं.

कागदांबद्दल सांगायचं तर जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीसाठी पैसे मोजून धावपळ करू नये. बऱ्याच कौन्सिल स्वतःच सांगतात की तशी चिठ्ठी आणू नका. "माझ्या पेशंटला चांगल्या घराची गरज आहे" या वाक्यानं कुणाचा बँड हलत नाही. त्यापेक्षा मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या नर्सनं लिहिलेला अर्धा कागद मोलाचा ठरला, कारण तिनं पायऱ्या, पडणं आणि थकवा यांचा संबंध जोडून दाखवला होता. पीआयपी या अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्याचं निर्णयपत्रही जोडलं, किती मीटर चालता येतं ते त्यात येतंच. आणि माझी वही. रात्री किती वाजता पायाला पेटके आले, कधी उठवावं लागलं, कुठं पडले. रोजची एक ओळ, तारखेसह.

या वहीचा उपयोग भलत्याच ठिकाणी झाला. मुलगी नोकरीला मँचेस्टरला गेली होती, तेव्हा कौन्सिलच्या लेखी आम्ही नवरा-बायको, एक बेडरूम पुरे. पण रात्रभर पेटक्यांनी हे पलंगावर आपटत असतात, मला पहाटे शाळेत भाज्या चिरायच्या असतात, आणि उचलायचं, बसवायचं सामान आहे ते वेगळंच. अपंगत्वामुळं एका खोलीत झोपू न शकणाऱ्या जोडप्याला दुसरी बेडरूम जास्तीची धरायची नाही, असं भाडेमदतीच्या नियमांत सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर, १ एप्रिल २०१७ पासून आलंय. पण ते भाड्यापुरतं. घरवाटपात दुसरी खोली वेगळी मागावी लागते आणि वेगळी सिद्ध करावी लागते. वहीची पानं झेरॉक्स करून दिली. फेरविचारात बँड वर गेला, दोन बेडरूम मंजूर झाल्या, आणि व्हीलचेअरला योग्य घर अशी नोंद पडली.

मग सुरू झालं बिडिंग. पैशाचा संबंध नाही, दर आठवड्याला रिकाम्या घरांची यादी लागते, आपल्याला चालणाऱ्या घरांवर नाव टाकायचं, आणि ज्याचा बँड वर आणि तारीख जुनी त्याला बोलावणं. गुरुवारी यादी लागली की मी डबा खाता खाता मोबाइल उघडायची. व्हीलचेअरचं चिन्ह असलेली घरं कित्येक आठवडे एकही नसायची. ज्यांना हे ऑनलाइन जमत नाही, त्यांनी समानता कायद्याचा आधार घेऊन कौन्सिललाच आपल्या वतीनं नाव टाकायला सांगावं. अपंग माणसासाठी अशी वाजवी सोय करणं त्यांना बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय कुणी आपणहून करत नाही.

एक तळमजल्याचं घर बघायला बोलावलं. जाहिरातीत पायऱ्या नाहीत. गेलो तर मुख्य दारापुढं दोन पायऱ्या, चांगल्या उंच. घर दाखवणारा तरुण म्हणाला, "दोनच तर आहेत." ह्यांनी व्हीलचेअरमधून त्याच्याकडं पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणा इंग्रजाला ऐकवलं की मग तू उचल. तो पोरगा लाजला. नकार देताना मी कारण लिहून घेतलं, त्याच्याकडून सही घेतली आणि फोटो काढला. योग्य घर नाकारलं तर काही कौन्सिल अर्जच थांबवतात, म्हणून नकार हा नेहमी कागदावर, मापांसकट द्यावा.

दुसरं एक घर आतून देखणं होतं, पण टॉवरमध्ये फार उंचावर, आणि लिफ्ट एकच. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्या इमारतीत राहणाऱ्या ३७ अपंग लोकांपैकी १५ जण त्यात होते. लिफ्ट बंद पडली किंवा आग लागली तर ह्यांनी खाली कसं यायचं, असं मी विचारलं. घरातच थांबायचं आणि फायर ब्रिगेडची वाट बघायची, असं उत्तर मिळालं. नको म्हटलं. ओटीनंही आमच्या बाजूनं लिहून दिलं.

शेवटी घर मिळालं ते कौन्सिलचं नव्हे, एका हाउसिंग असोसिएशनचं, म्हणजे भाड्यानं घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेचं, नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, दोन लिफ्टचं. लंडनच्या नियोजनाच्या नियमांत नव्या बांधकामातली किमान १० टक्के घरं व्हीलचेअरच्या हिशेबानं बांधावी लागतात, त्यातलं हे. दारांची मोकळी रुंदी ८५ सेंटिमीटर, खुर्ची फिरवायला दीड मीटरचं वर्तुळ, बाथरूममध्ये टब नाही, उंबरठा नाही. ह्यांनी खुर्ची बाथरूममध्ये नेली, गोल फिरवली, बाहेर आणली. परत नेली.

गोड बातमीतले खडे पण सांगायला हवेत. हे घर 'अफोर्डेबल' भाड्याचं, म्हणजे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत असू शकणारं, आणि जुन्या कौन्सिलच्या भाड्यापेक्षा चांगलंच चढं. भाडेकराराचा प्रकारही बदलला, कौन्सिलचं घर विकत घ्यायचा हक्क मागं राहिला. आम्ही कधी घेणार नव्हतोच, पण सही करण्याआधी हा फरक मी सल्ला केंद्रात बसून समजून घेतला. आणि घाई! शुक्रवारी होकार द्या, सोमवारपासून भाडं सुरू. आजारी माणसाचं बिऱ्हाड दोन दिवसांत हलतं असं कुणाला वाटतं कोण जाणे. घरात अपंगत्वासाठीचे फेरफार व्हायचे असतील तर दोन्ही घरांच्या भाड्याला काही आठवड्यांपुरती मदत मिळू शकते. ती मिळवण्यासाठी पुन्हा एक फॉर्म, तो मी व्हॅन यायच्या आदल्या रात्री भरला.

सामान हलवताना आजींनी खुर्ची द्यायला काढली. आमच्याकडं जागा होती, पण ह्यांनी नको म्हटलं, चौथ्या दारातल्या बाईचे गुडघे आता बोलायला लागलेत, तिला लागेल.

नव्या घरात अजून एक अडलंय. स्वयंपाकघराचा ओटा माझ्या उंचीचा आहे, ह्यांच्या खुर्चीच्या नाही, आणि ह्यांना आता स्वतःचा चहा स्वतः करायची हौस आलीय. खालीवर होणारा ओटा मिळतो, त्यासाठी पुन्हा ओटी बाई टेप घेऊन येणार. तो अर्ज परवा टाकलाय. या वेळी अडचणींचा रकाना ह्यांनी स्वतः भरला, आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर लिहिलं.